पॉम्पेईचा अलेक्झांडर की सिसिलीची शिकार?
दोन रोमन मोझेकपैकी (छोट्या रंगीत तुकड्यांनी केलेली चित्रं) कुठलं जास्त आवडतं? पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातलं अलेक्झांडर मोझेक, म्हणजे सिकंदराच्या लढाईचं चित्र, १८३१ मध्ये सापडलं, आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, साधारण इ.स.पू. १०० चं, आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात की मूळ एखादं ग्रीक पेंटिंग असणार, म्हणजे ही कॉपीच, पण पर्शियाचा राजा दारियसच्या चेहऱ्यावरची घाबरगुंडी बघा ना, जबरदस्त! लढाई कुठली यावर वाद आहे, तरी कोण कोण आहे ते लगेच कळतं.

दुसरं मोझेक सिसिलीतल्या व्हिला रोमाना देल कासाले या रोमन वाड्यातलं, चौथ्या शतकातलं, कारागीर बहुधा उत्तर आफ्रिकेचे. अख्ख्या कॉरिडॉरभर शिकार, शहामृग जहाजावर चढवतायत, आणि एका टोकाला हत्ती नि वाघासोबत बसलेली बाई, ती म्हणजे एखाद्या प्रदेशाचं मानवी रूप, कोणी तिला भारत म्हणतं, कोणी आफ्रिका. वाघ आफ्रिकेत नसतोच, त्यामुळे मला भारतच पटतो आणि डोकं लावायला हेच मोझेक जास्त आवडतं.