शैवालतळे की नेहमीचा ईटीपी? सोलापुरातील कारखानदारांसाठी एक पडताळणी

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील सूतरंगाईचा कारखाना आणि जिल्ह्यातील एखादी मध्यम आकाराची डेअरी या दोन्ही ठिकाणी रोज सांडपाणी निर्माण होते, पण सूक्ष्मशैवालाच्या दृष्टीने या दोन पाण्यांत फारसे साम्य नाही. शैवालतळ्याचे प्रस्ताव मात्र दोघांनाही सारखेच ऐकवले जातात. पाणी शुद्ध होईल, बॉयलरच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल आणि वाढलेले शैवाल विकून पैसा येईल, अशी ही तीन आश्वासने असतात. नेहमीच्या ईटीपीशी, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाशी, तुलना करताना ती एकत्र न घेता सुटी करून तपासावीत, कारण त्यांची किंमत आणि खरेपणा वेगवेगळा आहे.

कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियात अभियंते विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात उथळ, फिरत्या पाण्याच्या तळ्यांचा पाया घातला. अशा तळ्यात शैवाल सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, जिवाणू त्या प्राणवायूवर पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवतात आणि त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व फॉस्फरस शैवालाच्या वाढीला मिळतो. ईटीपीच्या एरेशन टाकीत हाच प्राणवायू ब्लोअर चालवून विजेच्या खर्चाने द्यावा लागतो. तत्त्व म्हणून शैवालाची बाजू उजवी आहे. आकडे मांडले की तिची मर्यादा दिसू लागते.

रोज १०० घनमीटर सांडपाणी, तळ्यात सहा दिवसांचा मुक्काम आणि ३० सेंटिमीटर खोली असे गृहीत धरू. त्यासाठी २,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २० गुंठे पाण्याचा पृष्ठभाग लागतो. बांध, रस्ता आणि शैवाल वेगळे करण्याची जागा निराळी. दर चौरस मीटरला रोज १५ ग्रॅम कोरडे शैवाल, हे खुल्या तळ्याचे चांगले उत्पादन मानले, तरी दिवसाला ३० किलो शैवाल मिळते. एक किलो शैवाल साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधते, त्यामुळे रोजचा हिशेब सुमारे ५५ किलोचा होतो. तेवढा वायू तीस-पस्तीस किलो दगडी कोळसा जाळल्यावर निघतो. बॉयलरला दिवसाला काही टन कोळसा लागत असेल, तर हा परिणाम नोंदवहीत दिसणारही नाही. त्यातही शैवाल दिवसाच काम करते आणि बॉयलर रात्रीही चालतो. शिवाय ते शैवाल पुढे कुजले किंवा जाळले, की बांधलेला वायू पुन्हा हवेत जातो. म्हणून कार्बनच्या आश्वासनावर गुंतवणुकीचा निर्णय कोणीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रंगाईच्या पाण्याकडे वळू. टेरी टॉवेल आणि चादरींच्या सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंग बसवताना मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) आणि सोडा मोठ्या प्रमाणात वापरावा लागतो. धाग्यावर न बसलेला रंग आणि जवळजवळ सगळे मीठ धुवणीच्या पाण्यात उतरते. शैवाल त्यातील काही रंग पेशींच्या पृष्ठभागावर धरते आणि काही अंशी मोडतेही, पण मीठ तसेच राहते. टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, लिटरमागे २,१०० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायची असेल, तर आरओ (पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणारी यंत्रणा) आणि एमईई (पाणी टप्प्याटप्प्याने आटवणारी यंत्रणा) टळत नाही. उलट सोलापूरच्या उन्हाळ्यात तळे हा प्रश्न वाढवते. रोज आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी २,००० चौरस मीटरवरून १६ घनमीटर पाणी उडते. मीठ मात्र मागेच उरते, आणि ५,००० मिलिग्रॅम टीडीएसचे पाणी सहा हजारांच्या घरात पोहोचते. गडद रंगामुळे प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, ही आणखी एक अडचण. नायट्रोजन व फॉस्फरसही या पाण्यात अपुरे असतात. ईटीपीच्या जिवाणूंसाठी युरिया आणि डीएपी टाकणाऱ्या ऑपरेटरला हे नव्याने सांगायला नको.

आरओच्या आधी शैवालतळे बसवण्याची सूचनाही होते. तळ्यातून निसटलेल्या काही मायक्रॉनच्या पेशी आणि त्यांचा चिकट स्राव आरओचा गाळणपडदा (मेम्ब्रेन) लवकर चोंदवतो, त्यामुळे मध्ये गाळणीची आणखी एक पायरी वाढते. विक्रीचे आश्वासन तर इथे संपतेच, कारण रंग आणि जड धातू शोषलेले शैवाल पशुखाद्य किंवा खत म्हणून विकता येणार नाही. रासायनिक गाळासारखीच त्याची नियमानुसार विल्हेवाट लावावी लागेल. सूतरंगाईच्या कारखानदाराने म्हणूनच सध्याचा ईटीपी नीट चालवण्यावर, मीठ कमी लागणाऱ्या रंगप्रक्रियेवर आणि आरओच्या देखभालीवर पैसा खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.

डेअरीचे चित्र वेगळे आहे. तिच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरेसे असतात, रंग नसतो आणि विषारी द्रव्ये क्वचितच असतात. मात्र बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम असलेले १०० घनमीटर पाणी म्हणजे रोजचा १५० किलो भार, आणि वरचे २० गुंठ्यांचे तळे जेमतेम ४५ किलो प्राणवायू देते. आधी झाकलेल्या टाकीत ऑक्सिजनविरहित प्रक्रिया करून ऐंशी टक्के भार उतरवावा, मिळालेला बायोगॅस वापरावा आणि उरलेले ३० किलो तळ्याकडे सोपवावेत, ही रचना जमते. विजेची बचत यातही फार मोठी नाही: ब्लोअर एका युनिटमागे एखादा किलो प्राणवायू देतो असे धरले, तर दिवसाला तीस-चाळीस युनिट वाचतील आणि त्यातून तळ्याचे पाणी फिरवणाऱ्या पॅडल व्हीलची वीज वजा करावी लागेल. खरा लाभ नायट्रोजन-फॉस्फरस उतरण्यात आहे, जो साध्या एरेशन टाकीत अपुराच राहतो आणि ज्यामुळे पुढे ओढे-तलावांत जलपर्णी फोफावते.

तळ्याचे अवघड काम मात्र शैवाल वाढवण्यापेक्षा ते बाहेर काढण्याचे आहे. एक लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम असलेल्या या पेशी सहज खाली बसत नाहीत. तुरटीसारखे द्रव्य, फ्लोटेशन (हवेच्या बुडबुड्यांनी पेशी वर तरंगवणे) किंवा सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारे यंत्र) लागतो आणि एकूण खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी शिरले, तर हिरवे तळे काही दिवसांत निवळते आणि बीओडी वर चढतो. ढगाळ आठवड्यात उत्पादन घटते. ब्लोअर बंद पडला तर दुरुस्त करणारा गावात सापडतो. तळे बिघडल्यावर ते सावरणारा माणूस मिळणे कठीण आहे.

खुल्या तळ्याऐवजी शैवाल वाढवण्याचे बंद नळ्यांचे फोटोबायोरिॲक्टर बाष्पीभवन आणि जागा वाचवतात, पण त्यांचा भांडवली खर्च कित्येक पट आहे आणि चाळीस अंशांच्या पुढच्या दुपारी नळ्या थंड ठेवायला पुन्हा पाणी किंवा वीज लागते. सांडपाण्यासाठी हा पर्याय मी विचारात घेणार नाही. आसवन्यांचा स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी, इतका गडद आणि तीव्र असतो की शैवालासाठी तो अनेक पटींनी पातळ करावा लागेल, आणि आपल्या जिल्ह्यात त्यासाठी ताजे पाणी वापरणे परवडणारे नाही.

डेअरीवाल्याला हा मार्ग धरायचाच असेल, तर त्याने पूर्ण तळे खोदण्यापूर्वी स्वतःच्याच पाण्यावर एका छोट्या हौदात चाचणी घ्यावी; एकदा एप्रिल-मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत. पुरवठादाराशी करार करताना बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी शैवालासह मोजायचा की शैवाल गाळून, हे आधीच लिहून घ्यावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नमुना गाळून तपासला जात नाही, आणि माहितीपत्रकातील आकडे मात्र बरेचदा गाळलेल्या पाण्याचे असतात.