उसण भरली त्या दिवशी बोलून लिहिलेली उत्तरे : फोनवरील मराठी व्हॉइस टायपिंगचा अनुभव

वसुबारस चार दिवसांवर आली असताना गिरणीतून दळून आणलेला भाजणीचा डबा उचलायला मी वाकले आणि कंबरेत अशी उसण भरली की सरळ उभे राहणेही जमेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितले आणि तो एक दिवस तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही अशी ताकीद दिली. डोके शाबूत, आवाज खणखणीत, पण पाठ अंथरुणाला खिळलेली अशा स्थितीत दिवस काढणे किती कठीण असते, हे ज्याला उसण भरली आहे त्यालाच कळेल. त्यातच शाळेतल्या आम्हा मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर फराळाचे प्रश्न सकाळपासून सुरू झाले होते. कोणाची चकली तेलात विरघळत होती, तर कोणाचा रव्याचा लाडू दगडासारखा झाला होता. दरवर्षी हे प्रश्न माझ्याकडेच येतात आणि उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. आडवे पडून दोन्ही हातांनी फोन डोळ्यांसमोर धरून टाइप करायला गेले, तर पाच मिनिटांत दंड भरून आले. तेव्हा मुलाने कळफलकावरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून दाखवले आणि म्हणाला, ‘आई, तू नुसती बोल, ते लिहील.’ त्या दिवसभरात मी तेवीस प्रश्नांची उत्तरे बोलून लिहिली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

सोय सुरू करणे अवघड नाही. कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडावी लागते, माइक वापरण्याची परवानगी द्यावी लागते आणि बोलण्यापूर्वी कळफलक मराठीवर आहे ना, हे पाहावे लागते. तो इंग्रजीवर राहिला, तर आपले मराठी बोलणे अर्थहीन इंग्रजी शब्दांच्या रूपात पडद्यावर येते. माझ्याकडून पहिल्या उत्तराच्या वेळी हेच झाले. वेगळे पैसे पडत नाहीत, मात्र इंटरनेट नीट असावे लागते. आपला आवाज लिहून काढण्यासाठी बाहेरच्या संगणकाकडे जाऊ शकतो, हे लक्षात ठेवून बँकेचे आकडे किंवा घरातल्या खाजगी गोष्टी मी या मार्गाने लिहिणार नाही. चकलीच्या भाजणीचे प्रमाण कोणी ऐकले तरी माझी हरकत नाही.

पहिला खरा प्रश्न नाशिकच्या मैत्रिणीचा होता : ‘अगं, चकली तेलात सोडली की पसरते आणि विरघळते. काय करू?’ मी उत्तर दिले की मोहन जास्त झाले आहे, मळलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी घालून ते पुन्हा मळ, आणि पुढच्या वेळी एका वाटी भाजणीला एका मोठ्या चमच्यापेक्षा जास्त तेल घालू नकोस. ही वाक्ये पडद्यावर जशीच्या तशी उमटली. मी बरीच वर्षे आठवी ते दहावीला मराठी शिकवले असल्यामुळे माझी नजर आधी शुद्धलेखनावर गेली आणि मला मनापासून आनंद झाला. ‘पीठ’ पण ‘पिठात’, ‘दूध’ पण ‘दुधाचा’, ‘गूळ’ पण ‘गुळाचा’ : उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ह्रस्व होतो हा मराठी साहित्य महामंडळाचा नियम मुलांच्या गळी उतरवताना माझा घसा बसत असे, आणि इथे तो न सांगता पाळला जात होता. ‘आणि’ व ‘परंतु’ यांचा शेवट ह्रस्वच आला. ‘हरभऱ्याची डाळ’ यातील ऱ्या देखील नीट जुळलेला होता. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकांवर हेच अक्षर मिळवताना अनेकांची दमछाक होते आणि शेवटी ‘हरभर्या’ असे काहीतरी लिहून ते सोडून देतात. बोटांनी लिहिताना घाईत सुटणारे ह्रस्व-दीर्घ बोलून लिहिताना सांभाळले जातात, हा या सोयीचा सर्वांत मोठा गुण आहे असे माझे मत झाले.

दुसरा गुण मला दुपारपर्यंत कळला नव्हता. थोडे थांबले की माइक बंद होतो, त्यामुळे पूर्ण वाक्य मनात जुळवूनच तोंड उघडावे लागते. ‘म्हणजे काय झालं, तर...’ अशी सुरुवात केली की तेही इमानाने लिहिले जाते आणि मग खोडत बसावे लागते. दहाएक उत्तरांनंतर माझे बोलणे आपोआप आटोपशीर झाले. आधी कारण, मग उपाय, मग पुढच्या वेळची काळजी असा क्रम बसला आणि मैत्रिणींनाही तो सोयीचा वाटला.

आता उणिवा सांगते. विरामचिन्हे येत नाहीत. माझ्या फोनवर मी ‘पूर्णविराम’ म्हटले, तर तोच शब्द वाक्याच्या शेवटी लिहिला गेला. लांबलचक कृती एका दमात सांगितली की एक सलग, न तुटणारा मजकूर तयार होतो आणि कढईपाशी उभ्या असलेल्या बाईला त्यातून काही शोधता येत नाही. यावर मी एका टप्प्याला एक संदेश अशी पद्धत ठेवली. उकड काढण्याचा एक संदेश, मळण्याचा दुसरा, तळण्याचा तिसरा. तळण्याच्या संदेशात मी सांगितले होते की तेल चांगले तापल्यावर आच मध्यम करावी, चकली घातल्यावर येणारे बुडबुडे कमी होत गेले की ती झाली असे समजावे, आणि मोठ्या आचेवर घाईने तळली तर ती वरून लाल होते पण आतून मऊ राहते. इतका मजकूर एका संदेशात वाचायला जड जात नाही.

त्याहून गंभीर उणीव स्वयंपाकघरातल्या शब्दांची आहे. ‘सोऱ्यात पीठ भरताना हवा राहू देऊ नकोस’ असे मी म्हटले आणि ‘सूर्यात पीठ भरताना’ असे लिहिले गेले. दोनदा सावकाश उच्चार करून पाहिला, तिसऱ्यांदा बोटानेच ‘सोऱ्या’ लिहिला. ‘पाऊण वाटी’ एकदा ‘पाऊस वाटी’ झाली. गॅस, मिक्सर, फ्रिज हे शब्द मात्र एकदाही चुकले नाहीत. छापील मजकुरात आणि रोजच्या संदेशांत जे वारंवार येते ते यंत्राला येते, आणि जे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते पण क्वचित लिहिले जाते ते येत नाही, असा मी याचा अर्थ लावते. मापांच्या बाबतीत तर फारच सावध राहावे लागते. ‘दोन वाट्या’चे ‘2 वाट्या’ झाले तर बिघडत नाही, पण सव्वा, पाऊण, दीड, अडीच या शब्दांत एक अक्षर इकडेतिकडे झाले की पदार्थाचा विचका होतो. प्रमाण सांगणारा प्रत्येक संदेश मी पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचून पाहिला. तरीही निसटलेल्या चुका व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतात, आणि ती सवलत मी चार वेळा वापरली.

दुपारी शेजारची सून डबा घेऊन आली. तिचे माहेर मालवणकडचे. तिने उत्साहाने फोन हातात घेतला, ‘काकू, मी बोलून बघू?’ असे विचारले आणि आपल्या आईला मालवणीत दोन वाक्ये सांगितली. जे उमटले त्यातून काहीही अर्थबोध होत नव्हता. मग तिने तेच पुस्तकी मराठीत सांगितले आणि ते व्यवस्थित आले. मी प्रमाण मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, तरीही हे पाहून मला वाईट वाटले. आईशी कोणी पुस्तकी भाषेत बोलत नाही. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या माणसांना आपल्या माणसाला लिहिण्यासाठी आधी स्वतःचे बोलणे बदलावे लागत असेल, तर ही सोय निम्म्या महाराष्ट्रापर्यंत अर्धीच पोहोचली आहे. घरातल्या आवाजांचाही त्रास होतो. बाहेरच्या खोलीत बातम्या लागल्या होत्या, तेव्हा निवेदकाचे अर्धे वाक्य माझ्या रव्याच्या लाडवांत मिसळले. दार लावून घेतल्यावर अडचण गेली.

‘एवढे करण्यापेक्षा सरळ आवाजी संदेश का नाही पाठवत?’ असे सांगलीच्या मैत्रिणीने विचारले. तिचा प्रश्न योग्य होता, आणि मी बराच विचार करून ठरवले की फराळासारख्या विषयात लिहिलेलेच बरे. तीन मिनिटांच्या आवाजी संदेशात पाकाचे प्रमाण नेमके कुठे आहे, हे शोधायला तो पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागतो, आणि हात तुपाने माखलेले असतात. लिहिलेला संदेश ओट्यावर समोर उघडा ठेवता येतो. शिवाय पुढच्या दिवाळीला गटात ‘एकतारी’ हा शब्द शोधला की उत्तर लगेच सापडते. आजारी माणसाची विचारपूस करायची असेल, मनातले बोलायचे असेल, तर आवाजच हवा, त्याची सर लिहिण्याला येत नाही. त्या दिवशी दोघी-तिघींनी माझी चौकशी आवाजी संदेशातून केली, आणि ते मी अजून पुसलेले नाहीत.

संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते तेव्हा, न्यू जर्सीतल्या मैत्रिणीचा प्रश्न आला : ‘अनारसा हसतोय गं!’ अनारसा तेलात विस्कटतो त्याला आपण ‘हसणे’ म्हणतो, आणि हा शब्द तिकडे पंचवीस वर्षे राहूनही तिच्या तोंडी तसाच होता. मी लिहवून घेतले की गूळ जास्त झाला असावा, उंड्यातला छोटा गोळा काढून त्यात थोडी तांदळाची पिठी मिसळ आणि एकच अनारसा तळून पाहा, जमला तरच सगळ्या पिठात पिठी घाल. पुढे तिने तांदळाबद्दल विचारले, म्हणून तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, कपड्यावर सावलीत पसरून तांदूळ किंचित ओलसर असतानाच दळणे आणि चाळणे हे सर्व सांगितले. खसखशीची बाजू वर ठेवून तळायचे आणि उलटायचे नाही, हे तिला आठवत होते. या सगळ्या संवादात यंत्राने फक्त ‘उंडा’ चुकवला, तो ‘अंडा’ असा लिहिला. अनारशाच्या कृतीत ही चूक तशीच गेली असती तर काय झाले असते, या विचाराने मी त्या संदेशावरून तीनदा नजर फिरवली.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा बोलीभाषांसाठी आणि ‘सोऱ्या’साठी राखून ठेवते. हातांना किंवा पाठीला इजा झालेल्यांनी, सांधे आखडलेल्या वडीलधाऱ्यांनी आणि बारीक कळा दिसत नाहीत म्हणून फोनवर मराठी लिहिणे सोडून दिलेल्यांनी ही सोय अवश्य वापरून पाहावी. घसा बसला असेल किंवा खोकला येत असेल तर मात्र हिचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी मला उशीला टेकून बसता येऊ लागले, तरी माइक मी सोडलेला नाही. सासूबाईंची फराळाची वही जीर्ण झाली आहे, तिची पाने हळूहळू वाचून मी ती फोनमध्ये लिहवून घेत आहे. त्यांची सगळी मापे शेर, मापटे आणि चिपट्यांत आहेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. हे शब्द यंत्र अजून एकदाही ओळखू शकलेले नाही. तेवढ्यापुरते मी थांबते, चष्मा लावते आणि ‘मापटे’ बोटाने लिहिते.