मराठवाड्याच्या घरात लळा लावणारे मांजर : पर्शियन, सयामी, रॅगडॉल की गावठी?

मांडीवर येऊन झोपणारे, दाराशी वाट पाहणारे, माणसांत रमणारे मांजर हवे असेल, तर जातींची नावे पाहण्याआधी आपल्याला कोणत्या प्रकारचा लळा हवा आहे हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे. पर्शियन मांजर शेजारी शांत पडून राहते आणि हात फिरवून घेते. सयामी दिवसभर पायात पायात फिरते आणि सतत बोलत राहते. रॅगडॉल उचलून घेतले की अंग सैल सोडून देते. गावठी मांजर घरातली एक-दोन माणसे निवडते आणि त्यांनाच आपले मानते. या चारही प्रकारांना प्रेमळ म्हटले जाते, पण त्यांच्यासोबत राहण्याचा अनुभव मात्र एकमेकांपासून फार वेगळा असतो. त्यातच आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, जालना या भागांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, वीज हवी तेव्हा असतेच असे नाही आणि टंचाईच्या वर्षी पाणीही मोजून वापरावे लागते. म्हणून मांजराच्या स्वभावाइतकाच त्याच्या अंगावरच्या केसांचा आणि नाकाच्या ठेवणीचा विचार येथे करावा लागतो.

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडमध्ये जातिवंत मांजर शोधायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी पर्शियनच दाखवले जाते. विक्रेते त्याचे डॉल फेस (नाक वर असलेला साधा चेहरा), सेमी पंच आणि पंच फेस (अगदी चपटा चेहरा) असे प्रकार सांगतात, आणि चेहरा जितका चपटा तितकी किंमत जास्त असते. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या भागात पंच फेस घेऊच नये. मांजराला अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडा ओलावा सुटतो, एरवी ते अंग चाटून, सावलीत निजून आणि अगदीच असह्य झाले तर धापा टाकून शरीर थंड ठेवते. ज्याचे नाक आत दबलेले आहे आणि श्वासमार्ग अरुंद आहे, त्याला हा शेवटचा उपायही नीट साधत नाही. नाव इराणचे असले तरी आजचे पर्शियन मांजर प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील पैदासकारांनी घडवलेले आहे, आणि त्याच्या अंगावरचे दाट दुपदरी केस त्या थंड हवेत शोभतात.

नांदेडला माझ्या मावशीकडे पांढरे पर्शियन होते. मावशी सांगे तसे खरोखरच ते अत्यंत गुणी होते. पूजा चालू असताना पाटाजवळ बसून राही, पण कशाला तोंड लावत नसे. एका मे महिन्यात दुपारी वीज गेली, कुलर बंद पडला आणि तासाभरात ते मांजर तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागले. कुत्र्याने जीभ बाहेर काढून धापा टाकणे नेहमीचे असते. मांजराने तसे करणे ही मात्र तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची खूण आहे. ओल्या फडक्याने त्याचे अंग व तळवे पुसत त्याला रिक्षातून नेले आणि ते वाचले, पण त्यानंतर मावशीने दर उन्हाळ्यात मार्चमध्येच त्याच्या अंगावरचे केस बारीक करून घ्यायला सुरुवात केली आणि दुपारभर घर सोडणे बंद केले. पर्शियन घेणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. रोज दहा-पंधरा मिनिटे कंगवा, डोळ्यांतून वाहणारे पाणी पुसणे आणि उन्हाळाभर थंड खोली एवढे देता येत असेल, तरच डॉल फेस पर्शियनचा विचार करावा. दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींच्या माळवदाच्या घरात त्याचा निभाव लागू शकतो; स्लॅबच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली नाही.

पर्शियनबाबत आणखी एक गोष्ट फार कमी घरांत विचारली जाते, ती म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. दोष असलेल्या जनुकाची एकच प्रत आई किंवा वडिलांकडून आली तरी आजार होतो, म्हणजे पालकांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आणि लक्षणे बहुधा मांजर सहा-सात वर्षांचे झाल्यावर, घराला त्याचा पुरता लळा लागल्यावरच दिसू लागतात. हा दोष डीएनए चाचणीत आणि सोनोग्राफीत कळतो. पिल्लाच्या आईवडिलांची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला न संकोचता विचारावा.

सयामी मांजराचा विचार आपल्याकडे व्हायला हवा तितका होत नाही, याचे मला वाईट वाटते. ते मूळचे थायलंडचे, म्हणजे उष्ण प्रदेशाचे; केस आखूड व अंगाला चिकटून असलेले, आतली लोकर जवळजवळ नाहीच, शरीर सडपातळ आणि कान मोठे. लांब केसांच्या मांजरांपेक्षा त्याला आपला उन्हाळा सोपा जातो. त्याच्या रंगाची गंमतही हवामानाशीच बांधलेली आहे. रंगद्रव्य तयार करणारे त्याच्या शरीरातील विकर (एन्झाइम) अंगाच्या उष्ण भागांत काम करत नाही, तुलनेने थंड भागांतच करते; म्हणून पिल्ले जन्मतः पांढरी असतात आणि पुढे कान, तोंड, पंजे व शेपटी एवढेच काळवंडतात. परभणीचा डिसेंबर-जानेवारीतला एक आकडी पारा सोसून नवे केस आले की मांजर थोडे गडद दिसते, आणि उन्हाळ्यात आलेले केस फिके असतात. रंग बदलला म्हणून आजारी पडले असे समजू नये.

परंतु सयामीच्या लळ्याला किंमत आहे आणि ती वेळेत मोजावी लागते. त्याचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा, मोठा आणि आग्रही असतो; भूक लागली, दार बंद दिसले, कोणी बोलले नाही, अशा प्रत्येक गोष्टीची ते तक्रार करते. ते एका माणसाला चिकटते आणि तो माणूस सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येणार असेल तर झुरते. नवरा-बायको दोघेही नोकरीला आणि मुले शाळेत, अशा घराने एकटे सयामी घेणे हे त्या जिवावर अन्याय करणारे आहे. घ्यायचेच असेल तर दोन पिल्ले एकत्र घ्यावीत. याउलट आजी-आजोबा दिवसभर घरी आहेत, दुपारी ओसरीवर कोणीतरी बसलेले असते, अशा घरात सयामीसारखा सोबती नाही. लोकर चोखण्याची आणि कुरतडण्याची खोड या जातीत इतरांपेक्षा जास्त आढळते, तेव्हा घोंगडी आणि वाकळ त्याच्या वाटेतून दूर ठेवावी, कारण गिळलेला धागा आतड्यात अडकतो. सयामीचे जवळचे नातलग असलेले बर्मी मांजर स्वभावाने तसेच बिलगणारे पण आवाजाने मऊ असते. विश्वासू ठिकाणाहून ते मिळाले तर मी सयामीच्याही आधी त्याचा विचार करीन, मात्र आपल्या भागात ते सहसा मिळत नाही.

रॅगडॉल ही १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात अ‍ॅन बेकर या पैदासकार बाईंनी तयार केलेली जात आहे. हातात घेतल्यावर कापडी बाहुलीसारखे सैल पडण्यावरून तिला नाव मिळाले. लहान मुलांच्या घरासाठी या जातीची शिफारस नेहमी केली जाते आणि स्वभावापुरती ती योग्यही आहे, कारण हे मांजर सहसा नखे काढत नाही, उंच चढण्यापेक्षा जमिनीवर माणसांच्या आसपास राहते आणि आवाजही बेताचा असतो. पण पूर्ण वाढलेला बोका ७ ते ९ किलोंचा होतो, वाढ पूर्ण व्हायला तीन-चार वर्षे लागतात, आणि एवढ्या मोठ्या, अर्ध-लांब केसांच्या शरीराला उन्हाळ्यात थंड ठेवणे पर्शियनपेक्षा थोडेसेच सोपे आहे. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजारही या जातीत असतो. शिवाय निळे डोळे आणि गडद कान एवढ्यावरून कोणतेही पिल्लू रॅगडॉल ठरत नाही. पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून आलेल्या हिमालयन मांजरालाही हेच रंगरूप असते. वंशावळीचा कागद आणि आईवडील प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रॅगडॉलचे पैसे देऊ नयेत.

मेन कून जातीचे मांजर भारदस्त आणि मनमिळाऊ असले तरी ते हिमवर्षावाच्या प्रदेशातले आहे. त्याला लातूरला आणू नये. बिनकेसांचे स्फिंक्स माणसाच्या उबेसाठी सतत अंगाला लागून बसते, पण त्वचेवर साचणाऱ्या तेलामुळे त्याला वारंवार आंघोळ लागते आणि आपले ऊन त्याची कातडी भाजून काढील. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे मांजर पाळण्याची कल्पनाच मला पटत नाही. स्कॉटिश फोल्डबद्दल मात्र ठामपणे नको म्हणतो. त्याचे गोड दिसणारे दुमडलेले कान हा कूर्चेचा दोष आहे, तोच दोष सांध्यांतही असतो, आणि तसे कान असलेले प्रत्येक मांजर कमी-अधिक प्रमाणात वेदना घेऊनच जगते. ते शांत बसून राहते याचा अर्थ नेहमीच ते समाधानी आहे असा होत नाही.

जातीचा स्वभावाशी संबंध असतो, हे खरे आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ५,७२६ मांजरांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवरून असे दाखवले की माणसांशी जवळीक टाळण्याचे प्रमाण ब्रिटिश शॉर्टहेअर या जातीत सर्वाधिक, तर कोराट आणि डेव्हन रेक्स या जातींत सर्वांत कमी होते. याच वर्षी अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठातील अभ्यासात पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे एकटे ठेवले गेले, आणि सांभाळणारा माणूस परत येताच सुमारे ६४ टक्के पिल्ले निश्चिंत झाल्याचे दिसले. माणसाचा आधार वाटणे ही गोष्ट मोजक्या महागड्या जातींपुरती नाही, असे मी त्यावरून समजतो. म्हणूनच गावठी मांजराकडे नाइलाजाचा पर्याय म्हणून पाहू नये.

पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातला रानमांजर आहे, आणि सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. कमी पाण्यात तग धरण्याची त्या पूर्वजाची शरीररचना सर्वच मांजरांकडे आली. गावठी मांजराकडे तिच्या जोडीला आखूड केस, हलके अंग आणि मोकळे नाकही आहे. त्याच्यासाठी ना कुलर लागतो ना न्हाव्यासारखी कात्री. प्रश्न फक्त स्वभावाचा आहे, आणि तिथे जन्मापासूनचे दोन ते सात आठवडे निर्णायक ठरतात. या काळात पिल्लाला रोज अर्धा-पाऊण तास, वेगवेगळ्या माणसांनी, मायेने हाताळले तर ते पुढे आयुष्यभर माणसांत मोकळे राहते. शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीत जन्मलेले आणि तीन महिन्यांचे होईपर्यंत माणसाचा हात न लागलेले पिल्लू घरात येईल, उंदीर मारील, पण मांडीवर बसेलच असे नाही. त्याच विणीतले, ओसरीवर मुलांच्या हातांत वाढलेले पिल्लू सयामीच्या तोडीचे बिलगते. आमच्या घरातली करड्या पट्ट्यांची मांजरी अशीच एका शेतकऱ्याच्या घरून आणलेली आहे. माझ्या आईच्या चपलांचा आवाज ती गल्लीच्या टोकापासून ओळखते. बापाचा स्वभावही पिल्लांत उतरतो, परंतु गावात बाप कोण हे बहुधा कळत नाही, तेव्हा निदान आई माणसाजवळ येते का ते पाहावे.

पिल्लू कोणतेही असो, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आपल्याकडे डोळे उघडले की पिल्ले वाटून टाकतात, ती पुढे चावरी आणि भित्री होतात. आणलेले मांजर घरातच ठेवायचे असेल तर पाच-सहा महिन्यांचे होताच नसबंदी करून घ्यावी, म्हणजे बोका भिंतींवर लघवीचे फवारे मारायला लागत नाही आणि गल्लीतल्या भांडणांत फाटून येत नाही. लसीकरण आणि नसबंदीसाठी परभणी आणि उदगीर येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा आपल्या भागाला आधार आहे.

शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसातूनच मिळते आणि ते न मिळाल्यास त्याचे हृदय व दृष्टी दोन्ही बिघडतात. पूर्वी दूध-भाकरीच्या काल्यावर मांजरे जगत, असे आपण म्हणतो, पण ती उरलेले पोषण उंदरांतून मिळवत होती. घरात कोंडलेल्या मांजराला तो मार्ग नसतो, आणि मोठ्या झालेल्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. स्वयंपाकघरात मांस चालत नसेल तर मांजरांसाठीचे तयार कोरडे व ओले खाद्य वेगळ्या ताटलीत, वेगळ्या कोपऱ्यात द्यावे. तेही मान्य नसेल, तर मांजर न आणणेच त्याच्यासाठी बरे.

दिवसभर माणसांनी भरलेल्या घराला मी सयामीची जोडी सुचवीन, किंवा ओसरीवर वाढलेले गावठी पिल्लू. आठ-नऊ तास कुलूप असणाऱ्या घराने गावठीच, आणि तेही एकाच विणीतली दोन भावंडे घ्यावीत. शांत, वयस्कर दांपत्याने, घर थंड राहत असेल आणि रोजची निगा जमणार असेल तर, तपासणी झालेल्या पालकांचे डॉल फेस पर्शियन घ्यायला हरकत नाही. रॅगडॉल हवेच असेल तर उन्हाळाभर विजेची पर्यायी सोय असलेल्या घरानेच त्याच्या वाटेला जावे.

पिल्लू पाहायला जाताना शक्यतो दुपारी जावे, म्हणजे उन्हाच्या वेळी ते कसे श्वास घेते हे दिसते. पैसे काढण्याआधी अर्धा तास जमिनीवर मांडी घालून गप्प बसावे, हात पुढे करू नये. जे पिल्लू आपणहून येऊन हुंगते, उचलल्यावर अंग ताठ करत नाही आणि खाली ठेवल्यावर पुन्हा परत येते, ते मागावे, मग त्याचा रंग आपल्या मनातला नसला तरी चालेल.