छतावरचं सोलर: पॅनेलला साडेचार स्टार, कोटेशनच्या कागदाला दोन

आमच्या मशिनिंगच्या कारखान्याचे हिशेब मी बघते, त्यामुळे हा अभिप्राय वीजबिल हातात धरूनच लिहिते आहे. शेडवर 50 किलोवॉटचं सोलर आहे. 550 वॉटची 91 पॅनेलं, ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नाही. इन्स्टॉलरचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी चांगलं. काम नीटनेटकं झालंय. पत्र्याला एकही भोक न पाडता क्लॅम्पवर रेल बसवले, ओळींमध्ये चालायला जागा सोडली. ही जागा वाचवून आणखी चार पॅनेलं कोंबायचा मोह बरेच जण आवरत नाहीत आणि मग धुणाऱ्या माणसाला पॅनेलवर पाय द्यावा लागतो. भर दुपारी 40-42 किलोवॉट मिळतात. 50 का नाही, असं आमच्या भागीदारांनी विचारलंच. पॅनेलवर छापलेले वॉट हे सेल 25 अंशांवर असताना मोजलेले असतात. कडक उन्हात सेल 60-65 अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशामागे साधारण 0.35 टक्का उत्पादन घटतं. म्हणजे 12-14 टक्के तिथेच गेले. यात फसवणूक काही नाही.

खटकला तो कोटेशनमधला परतफेडीचा, म्हणजे घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा तक्ता. वर्षभराची सगळी युनिटं गुणिले बिलातला दर, त्याने एकूण खर्चाला भागलेलं, आणि खाली ठळक अक्षरात ‘5 वर्षं’. छतावर तयार झालेलं युनिट मशीनने तिथल्या तिथे वापरलं तरच पूर्ण दर वाचतो. आठवड्याच्या एका सुट्टीलाच वर्षाच्या निर्मितीतला सातवा हिस्सा, 14 टक्के, जवळजवळ सगळा ग्रिडला जातो. त्याचे किती मिळणार हे नियमांवर आहे: कुठे पूर्ण दराने वळतं होतं, कुठे निम्म्याहून कमी, कुठे काहीच नाही. समजा 80 टक्के आत वापरलं आणि उरलेल्या 20 टक्क्यांना एक तृतीयांश दर मिळाला, तर पाचाची पावणेसहा वर्षं होतात. धुण्याचा खर्च आणि दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) अजून धरलेलाच नाही. डिमांड चार्जही, म्हणजे महिन्यातल्या सर्वांत जास्त लोडवर लागणारा आकार, तक्त्यात कमी होताना दाखवला होता. आमची दुसरी पाळी सूर्य मावळल्यावरही तेवढाच लोड घेते, मग डिमांड कशी उतरणार? एवढं करूनही सौदा फायद्याचाच निघतो, म्हणून तर जास्त राग येतो. खरा आकडा दाखवला असता तरी आम्ही घेतलंच असतं.

सर्वांत मोठा धक्का पॉवर फॅक्टरचा, म्हणजे लाइनमधून उचललेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या हिश्श्याचा. सोलर सुरू झालं, युनिटं खाली आली आणि बिलात पॉवर फॅक्टरचा दंड उगवला. इन्स्टॉलरचं उत्तर: ‘मॅडम, त्याचा आमच्याशी संबंध नाही.’ आमच्या इलेक्ट्रिशियनने कागदावर मांडून दाखवलं. दुपारचा लोड 60 किलोवॉट आणि 25 केव्हीएआर (मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) असेल, तर पॉवर फॅक्टर 0.92. सोलरने त्यातले 40 किलोवॉट उचलले की ग्रिडकडून येतात फक्त 20 किलोवॉट, पण केव्हीएआर तेवढेच, 25. मीटरला दिसतो 0.62. मोटारी त्याच, वायरिंग तेच. उपाय त्याच इन्व्हर्टरमध्ये होता: थोडे केव्हीएआर त्याने द्यावेत असं सेटिंग केलं, केव्हीएआर पुरवणाऱ्या कपॅसिटर पॅनेलला एक स्टेप वाढवली, दंड थांबला. जे काम सुरू करून देतानाच व्हायला हवं होतं, त्यासाठी बाहेरचा माणूस लागला, आणि त्याचे पैसेही आम्हीच दिले.

वीज गेली की सोलरही बंद पडतं, हे मात्र त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं. लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तसं असावंच लागतं. जनरेटरबरोबर चालवायचं तर वेगळा कंट्रोलर लागतो. आम्ही घेतला नाही.

पैसे न गुंतवता, दुसऱ्याच्या मालकीचं सोलर आपल्या छतावर घेऊन युनिटमागे पैसे द्यायचा पर्यायही याच इन्स्टॉलरने दिला होता. भांडवल अडकत नाही, पण करार 15 ते 25 वर्षांचा, आणि वापरा न वापरा, ठरलेल्या किमान युनिटांचे पैसे भरायचे. शेड भाड्याची असेल किंवा ऑर्डरींचा भरवसा नसेल, तर ते कलम वकिलाला दाखवा.

कोटेशन मागताना वर्षभराचा तासवार लोड त्यांच्यापुढे ठेवा आणि आत वापरलेली युनिटं व बाहेर गेलेली युनिटं वेगळ्या रकान्यात मागा. पॉवर फॅक्टरची जबाबदारी वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. आमच्या दुसऱ्या शेडसाठी तीन कोटेशनं मागवली आहेत. त्यात एक यांचंही आहे, कारण फिटिंग खरोखर चांगलं करतात.