सिंगापूरमध्ये एकच दिवस: मरिना बे की जुन्या वस्त्या?

ऑस्ट्रेलियाला किंवा बालीला जाताना वाटेत सिंगापूरला एक दिवस थांबणाऱ्या प्रवाशापुढे बहुधा एकच प्रश्न असतो: तो दिवस मरिना बेच्या परिसराला द्यावा, की चायनाटाउन, कामपोंग ग्लाम आणि लिटल इंडिया या जुन्या वस्त्यांना. पर्यटन कंपन्यांच्या कार्यक्रमात मरिना बेला झुकते माप असते आणि जुन्या वस्त्या बसच्या खिडकीतून उरकल्या जातात. माझ्या मते दिवसाचा प्रकाश जुन्या वस्त्यांना आणि अंधार पडल्यानंतरचा वेळ मरिना बेला द्यावा; मात्र काही प्रवाशांच्या बाबतीत पर्यटन कंपन्यांचाच हिशेब बरोबर ठरतो, आणि ते प्रवासी कोणते हे पुढे येईलच.

मरिना बेचा परिसर समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर उभा आहे आणि त्याची आजची ओळख जवळजवळ सर्वस्वी या शतकातली आहे. तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर आडवी गच्ची पेलणारे मरिना बे सँड्स हे हॉटेल 2010 मध्ये सुरू झाले, तर गार्डन्स बाय द बे ही बाग 2012 मध्ये खुली झाली. मर्लायन हा सिंहमुखी, मत्स्यदेही पुतळा त्या मानाने जुना म्हणजे 1972 चा असला, तरी तोही 2002 मध्ये मूळ जागेवरून हलवून आजच्या जागी आणला गेला. ही सगळी स्थळे बाहेरून पाहण्यासाठीच घडवलेली आहेत आणि बाहेरून पाहण्यास पैसे लागत नाहीत. बागेतल्या 25 ते 50 मीटर उंचीच्या पोलादी महावृक्षांवर संध्याकाळनंतर होणारा प्रकाश-संगीताचा कार्यक्रमही विनामूल्य आहे. तिकीट काढायचेच असेल, तर ते बागेतल्या दोन वातानुकूलित काचगृहांचे काढावे. त्यांपैकी क्लाउड फॉरेस्टमध्ये 35 मीटरचा धबधबा आहे आणि डोंगरमाथ्यावरच्या दमट, थंड हवेत वाढणाऱ्या वनस्पती विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर पाहायला मिळतात. हॉटेलच्या निरीक्षण गच्चीचे तिकीट मात्र मी टाळण्यास सांगेन, कारण तिथून मरिना बे सँड्सखेरीज सगळे दिसते, आणि छायाचित्रांतून प्रसिद्ध झालेला गच्चीवरचा तरणतलाव फक्त हॉटेलात उतरलेल्यांसाठी राखीव आहे.

जुन्या वस्त्यांचे तसे नाही. त्या लांबून पाहून कळत नाहीत आणि घाईत तर मुळीच कळत नाहीत. ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स याने 1819 मध्ये इथे ठाणे वसवल्यानंतर 1822 मध्ये त्याच्या सूचनेवरून नगराचा आराखडा तयार झाला आणि त्यात समाजांनुसार जागा आखून दिल्या गेल्या: नदीच्या नैर्ऋत्येला चिनी, तर पूर्वेकडच्या कामपोंग ग्लाममध्ये इथल्या मलय सुलतानाचा परिवार, सुलावेसी बेटावरून आलेले बुगी लोक आणि अरब व्यापारी. कागदावरच्या या रेषा प्रत्यक्षात कशा पुसल्या गेल्या, हे पाहण्याची उत्तम जागा म्हणजे चायनाटाउन. तिथल्या साउथ ब्रिज रोडवर सिंगापूरमधले सर्वांत जुने हिंदू देऊळ, 1827 साली स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर आहे, आणि त्याच रस्त्यावर थोड्या पावलांवर तमिळ मुसलमानांनी उभारलेली जामे मशीद आहे. तिथून चालत तेलोक आयर स्ट्रीट गाठावा. भराव पडण्यापूर्वी हा रस्ता समुद्रकिनारा होता आणि जहाजातून उतरलेले स्थलांतरित सुखरूप पोहोचल्याबद्दल इथेच आभार मानत. फुकियन प्रांतातून आलेल्यांनी दर्यावर्दींची रक्षणकर्ती माझू हिचे थियान हॉक केंग मंदिर 1839 ते 1842 या काळात बांधले, आणि त्याच्या जवळच, त्याच्याही आधी, दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांनी नागोरच्या संताच्या स्मरणार्थ दर्गा उभारला होता. शहराचे बहुसांस्कृतिक रूप समजून घेण्यासाठी एखाददुसऱ्या फर्लांगाचा हा रस्ता मला कोणत्याही संग्रहालयाहून अधिक मोलाचा वाटतो.

कामपोंग ग्लाममधली सुलतान मशीद मुळात 1820 च्या दशकातली असली, तरी आजची इमारत 1932 मध्ये पूर्ण झाली. तिच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी जो काळसर पट्टा दिसतो, तो गरीब मुसलमानांनी वर्गणीदाखल दिलेल्या काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. हे आधी ठाऊक नसेल, तर नजर त्यावरून सहज निसटते. लिटल इंडिया 1822 च्या आराखड्यात नव्हतेच. गुराढोरांच्या व्यापाराभोवती ते नंतर वाढले. भारतीय प्रवाशाला तिथे नवे फारसे दिसत नाही, त्यामुळे वेळ कमी असल्यास तीन वस्त्यांपैकी तीच गाळावी. अपवाद शाकाहारी मंडळींचा, कारण निर्धास्तपणे जेवण्यासाठी तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. बाकीच्यांनी चायनाटाउनमधल्या मॅक्सवेलसारख्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एकाच छपराखाली खाद्यपदार्थांचे अनेक छोटे गाळे असलेल्या ठिकाणी जेवावे. तिथे खर्च मरिना बेच्या उपाहारगृहांच्या मानाने बराच कमी येतो, शिवाय या हॉकर संस्कृतीचा 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला आहे.

जुन्या वस्त्यांच्या विरोधात जाणारी मुख्य गोष्ट म्हणजे हवा. सिंगापूरमध्ये बाराही महिने उकाडा आणि दमटपणा असतो, दुपारी जोरदार सर केव्हाही येते, आणि या वस्त्यांमध्ये चालण्याला पर्याय नाही. बरोबर गुडघेदुखीचा त्रास असलेले वडीलधारे किंवा तान्ही मुले असतील, तर काचगृहे, मॉल आणि त्यांना भुयारी मार्गाने जोडलेले मेट्रोचे बेफ्रंट स्थानक यांमुळे मरिना बेच सोयीचे पडते. अशांनी दिवस तिथेच काढावा; जुन्या वस्त्यांपैकी फार तर श्री मारिअम्मन मंदिराला सकाळी टॅक्सीने जाऊन यावे.

इतरांना निवड करताना फार काही गमवावे लागत नाही, कारण लिटल इंडिया, बुगिस, बेफ्रंट, तेलोक आयर आणि चायनाटाउन ही स्थानके मेट्रोच्या एकाच डाउनटाउन मार्गावर आहेत आणि दाराशी संपर्करहित बँक कार्ड टेकवले की वेगळे तिकीट काढावे लागत नाही. हिंदू देवळे दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी चायनाटाउन आणि तेलोक आयरपासून सुरुवात करावी, ऊन कलल्यावर बुगिसला उतरून कामपोंग ग्लाम पाहावे आणि अंधार पडायच्या सुमारास बेफ्रंट गाठावे. सुलतान मशिदीत नमाजाच्या वेळा सोडूनच पाहुण्यांना प्रवेश असतो आणि खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. थांब्याचा दिवस शुक्रवार असेल, तर मशीद बाहेरूनच पाहायची तयारी ठेवावी.