संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुधारायचाय? सर, टॅब, मैदान की ताई

ठाण्यात लोकमान्यनगर, वागळे इस्टेटपासून कळव्यापर्यंत वस्त्यावस्त्यांत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात. कुठे मंडळाच्या खोलीत, कुठे समाजमंदिरात, तर घोडबंदर रोडला एखाद्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, तिथेच घरकामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. वर्ग सुरू करताना हौस असते. दोनेक वर्षांनी गाडी एका जागी अडकते. मुलं येतात, सतरंज्या भरतात, खाऊ वाटला जातो. पण सहामाहीचा निकाल जिथल्या तिथे आणि आठवीनंतरची मुलं गायब. मग मे महिन्यात बैठक बसते. कोणी म्हणतं, क्लासवाला चांगला सर ठेवू. कोणाला टॅब हवे असतात. कोणी म्हणतं, पोरांना जरा मैदानावर न्या. वर्ग घेणाऱ्या ताईवर पैसे खर्च करावेत, असं मात्र क्वचितच कोणाच्या तोंडून निघतं.

समजा वर्षाला दीड लाख रुपये हातात आहेत, पटावर तिसरी ते नववीची चाळीसेक मुलं आहेत आणि वस्तीतल्याच दोन ताई वर्ग घेतात. एवढं धरून चारही पर्याय तपासू.

सर ठेवले तर

पालकांना हे सगळ्यात आधी पटतं. ‘सर आलेत’ कळलं की आठवड्याभरात हजेरी वाढते, आणि त्यात पालकांचं काही चुकत नाही. खासगी क्लासची फी परवडत नाही, तेच इथे फुकट मिळणार असेल तर कोण सोडेल? खर्चही सरळ आहे, दरमहा ठरलेली रक्कम. दीड लाखात एक सर वर्षभर कसेबसे बसतात.

अडचण वर्गात शिरल्यावर दिसते. समोर पाच-सहा इयत्ता बसलेल्या. सर फळ्याशी उभे राहून सातवीचं गणित घेतात, बाकीचे गृहपाठ ‘उरकतात’. चौथीतल्या मुलाची वही उघडून बघा. ५२ मधून २७ वजा करायचेत आणि त्याने उत्तर लिहिलंय ३५. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. वहीत ३५ वर लाल काट, शेजारी सरांच्या अक्षरात २५, खाली सही. गृहपाठ पूर्ण झाला. हातचा कुठून आला हे मुलाला काल कळत नव्हतं, आजही कळलेलं नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या त्याच्या हातात देऊन एक गठ्ठा सोडायला लावला असता तर दहा मिनिटांत निम्मं काम झालं असतं. पण सरांकडे ती दहा मिनिटं नव्हती, आणि ते काम त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेनंतरच्या केंद्रांची मोठी पाहणी झाली होती. तिचा शेवटचा अहवाल २००५ मध्ये आला. प्राथमिकच्या मुलांना तिथे संध्याकाळी जास्त सुरक्षित वाटत होतं, पण वाचनाच्या गुणांत फरक पडला नव्हता. गृहपाठाला बसवणं आणि शिकवणं यांत किती अंतर आहे, ते या निकालावरून कळतं.

सरांवर पैसे घालावेत अशी एक जागा मात्र आहे: दहावी. दहा-बारा मुलं, एकच इयत्ता, गणित, विज्ञान आणि इंग्रजी. तिथे विषय पक्का येणारा माणूसच लागतो, वस्तीतल्या बारावी झालेल्या ताईवर ते ओझं टाकू नये.

टॅब घेतले तर

साधा टॅब दहा-बारा हजारांत येतो. दहा घेतले की लाखभर रुपये एका दिवसात संपतात आणि उद्घाटनाचा फोटो मात्र झकास येतो. देणगीदारांना हा पर्याय का आवडतो, ते वेगळं सांगायला नको.

टॅबला उगाच नाव ठेवणाऱ्यांतला मी नाही. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा नीट अभ्यास झाला. मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा त्यावरचा लेख २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत मुलांची गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती झाली. पण तिथली रचना बघा. आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. त्यातला अर्धा वेळ मूल संगणकावर, आणि उरलेला अर्धा वेळ बारा ते पंधरा मुलांच्या गटात एका माणसासोबत. शिवाय ते सॉफ्टवेअर मुलाला नेमकं कुठपर्यंत येतं ते शोधून तिथून सुरुवात करतं, मग त्याची इयत्ता कुठलीही असो.

आपल्याकडे जे विकलं जातं त्यात बहुतेकदा इयत्तावार धड्यांचे व्हिडिओ असतात. पाचवीच्या मुलाला पाचवीचाच व्हिडिओ. म्हणून विक्रेता आला की एकच प्रश्न विचारा: पाचवीतल्या मुलाला दुसरीची वजाबाकी येत नसेल तर तुमचं ॲप काय करतं? उत्तरात ‘ॲनिमेशन’ हा शब्द आला की चहा पाजून वाटेला लावा. ॲप आपणहून दुसरीच्या पातळीवर उतरतं हे तो मराठीतून चालवून दाखवत असेल तर बोलणं पुढे न्या.

बाकी रोजच्या भानगडी आहेतच. चार्जिंगला पॉईंट दोन आणि टॅब दहा. कपाटाची किल्ली कोणाकडे? काच फुटली तर भरपाई कोण देणार? आणि थोरली पोरं हक्काने टॅब बळकावतात, चिमुरडी मागून माना उंचावून बघत बसतात. या सगळ्यावर नजर ठेवायला पुन्हा ताईच लागते. टॅब घेऊन माणसाचा खर्च वाचेल असा हिशेब कोणी मांडत असेल तर तो चुकीचा आहे.

मैदान आणि नाटक

आठवी-नववीची मुलं टिकत नाहीत ही तुमची मुख्य तक्रार असेल तर इथे थांबून विचार करा. चौदा वर्षांच्या मुलाला दिवसभर शाळेत बसून पुन्हा सतरंजीवर बसायची इच्छा नसते. मैदानाची असते. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’ या संस्थेने खेळाच्या तासालाच शिकवण्याचं साधन केलं, आणि मुलं-मुली एकत्र खेळतील हे बघितलं. वस्तीत मुलींना मैदानावर आणणं हेच अर्धं यश असतं. त्यासाठी एखाद्या ताईला शिट्टी घेऊन मध्ये उभं राहावं लागतं, दादा कितीही चांगला असला तरी.

ठाण्यात खरा प्रश्न जागेचा. मोकळी मैदानं संध्याकाळी क्रिकेटच्या कोचिंगने अडवलेली, टर्फ तासाच्या भाड्यावर. त्यामानाने नाटक स्वस्त पडतं, खोलीत होतं आणि पावसाळ्यातही चालतं. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. त्यात वस्तीतली मुलं स्वतःच्या आयुष्यातले विषय घेऊन स्वतःच नाटिका बसवतात. घरात, शाळेत गप्प असलेली मुलगी रंगमंचावर कशी बोलते ते एकदा पाहिलं की या पर्यायाला ‘टाइमपास’ म्हणायची हिंमत होत नाही.

मात्र दर शनिवारी नवा पाहुणा हा प्रकार टाळा. एका शनिवारी ओरिगामी, पुढच्याला जादूगार, मग योगा, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मुलं खूश, पदरात काही नाही. डर्लॅक, वाइसबर्ग आणि पाचन यांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या उपक्रमांवरचे ६८ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या उपक्रमांत कौशल्य पायरीपायरीने शिकवलं जात होतं, मुलं ते स्वतः करून बघत होती, त्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता आणि काय शिकायचं ते आधी स्पष्ट होतं, तिथे मुलांचं वागणं, आत्मविश्वास आणि गुण, तिन्ही सुधारले. या गोष्टी जिथे नव्हत्या तिथे म्हणण्यासारखं काही हाती लागलं नाही. म्हणजे तीन महिने एकच नाटक बसवणं हे बारा शनिवारच्या बारा पाहुण्यांपेक्षा केव्हाही सरस. तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल तर नाटकाने ते येणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.

ताईवर खर्च केला तर

हा पर्याय बैठकीत मांडायला अवघड आहे, कारण दाखवायला काही नसतं. खर्च कशावर, तर ताईंना वर्गानंतरच्या पाऊण तासाचं मानधन, सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि महिन्यातून दोनदा कोणीतरी जाणतं येऊन वर्ग बघणं. दीड लाखात हे सगळं बसतं, वर काड्या, खेळण्यातल्या नोटा आणि गोष्टींची पुस्तकं घ्यायला पैसे उरतात.

याच्या बाजूचा पुरावा आपल्या अंगणातला आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना बालसखी म्हणून नेमलं. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं सोपवली. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाचा अभ्यास बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वांत जास्त. बालसखी शाळेच्या वेळातच दोन तास घेत, हा फरक ध्यानात घ्यायला हवा. आणि उपक्रम सुटल्यावर वर्षभरात त्या प्रगतीचा बराच भाग ओसरला, हेही त्याच लेखात आहे. म्हणजे एक वर्ष करून थांबायचं असेल तर याही पर्यायाच्या नादी लागू नका.

वर्ग बघण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सुधारणा तिथेच होते आणि बिघाडही तिथेच होतो. बघणाऱ्याने मागच्या सतरंजीवर बसायचं, मध्ये बोलायचं नाही, दिसेल ते घड्याळ लावून लिहायचं. ‘६.१०, ताईंनी प्रश्न विचारला, दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं. ६.१८, खिडकीजवळची मुलगी अजून एकदाही बोललेली नाही. ६.२५, दोन मुलांनी एकमेकांना पाढा म्हणून दाखवला, ताईंनी ऐकलं, शाबासकी दिली.’ गुण द्यायचे नाहीत, शेरा मारायचा नाही. मुलं गेल्यावर ही वही ताईंपुढे ठेवायची आणि ‘यातलं एक काय बदलू या?’ एवढंच विचारायचं. बदल एकच, आणि तो ताईंनी निवडायचा. पुढच्या वेळी फक्त तेवढंच बघायचं. अमेरिकेत वायकार्ट सेंटर या संस्थेने अशाच धर्तीची पद्धत शाळेनंतरच्या ८७ केंद्रांवर पारखली, २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. केंद्रप्रमुख असं निरीक्षण आणि नियोजन करू लागले की वर्ग घेणाऱ्यांची शिकवण्याची रीत सुधारते, असं दिसलं. त्या अभ्यासाचा रोख शिकवणाऱ्यांच्या पद्धतीवर होता, मुलांच्या गुणांवर नव्हता.

हे बिघडतं कसं, तर सचिव साहेब स्वतः वही घेऊन बसतात. महिन्याभरात निरीक्षणाची तपासणी होते, ताई घाबरून फळा भरवायला लागते, मुलं हाताची घडी घालून बसतात. पदाधिकाऱ्याने हे काम करूच नये. एखादी निवृत्त शिक्षिका, शेजारच्या वस्तीतली अनुभवी ताई, किंवा याच दोन ताईंनी एकमेकींचा वर्ग बघितला तरी चालतं.

दुसरा धोका असा की तयार झालेली ताई सोडून जाते. तिला शाळेत, दुकानात नाहीतर कंपनीत जास्त पगार मिळतो, किंवा लग्न होऊन ती दिव्याला-बदलापूरला जाते. टॅब निदान कपाटात राहतो, असं मला एकाने ऐकवलं होतं. खरं आहे. पण ताईला पुरेसं मानधन न देता वर ती टिकावी असं वाटत असेल तर तक्रार कोणाकडे करणार?

मग निवड कशी करायची

माझा कौल ताईंना आहे, पण डोळे मिटून नाही. पटावरची बहुतेक मुलं सहावीच्या आतली असतील तर पैसे ताईंवर घाला, बाकी सगळं नंतर. दहावीचीच मुलं जास्त असतील तर सर. आठवी-नववी गळत असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी नाटक किंवा खेळ, तोही त्याच ताईंपैकी एकीला शिकवून. पातळीनुसार चालणारं मराठी सॉफ्टवेअर सापडलं आणि ताई तयार असतील, तर टॅब दुसऱ्या वर्षी घ्या, चार पुरतात.

पटाचा अंदाज बैठकीत बसून येत नाही. दोन संध्याकाळी काढा. मुलांना वाचन-गणित कितपत येतं याची ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून गावोगाव ज्या रीतीने होते, साधारण तशीच रीत: एकेका मुलाला बाजूला घेऊन अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला द्यायची, मग एक हातच्याची वजाबाकी. मूल जिथे अडेल तिथे थांबायचं आणि नोंद करायची. वाचताना कोणी हसणार नाही अशी जागा निवडा. पाचवीतलं मूल ‘ग्रंथालय’चं ‘गरंथालय’ करतं तेव्हा ते चिडलेलं नाही, घाबरलेलं असतं.

वेळेचंही बघा. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा राज्याचा आदेश आला, त्यामुळे लहान मुलं आता पूर्वीपेक्षा उशिरा घरी येतात. साडेचारचा जुना वर्ग त्यांना धावतपळत गाठावा लागतो. सहाला सुरू केला तर आई कामावरून परतायच्या सुमारास सुटतो, आणि मुलींना अंधारात एकटं पाठवावं लागत नाही.

आणि दीड लाखातले वीसेक हजार कशालाच न लावता बाजूला ठेवा. पावसात समाजमंदिर गळतं, गणपतीत हॉल जातो, नवरात्रात पुन्हा जातो, निवडणूक लागली की विचारूच नका. तेवढे दिवस शेजारची एखादी खोली भाड्याने घेता आली तर वर्ग तुटत नाही.