तीळ, गराडू आणि खालची डावी दाढ : ब्रिज बसवून अकरा महिने

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना काढलेल्या दाढेच्या जागी बसवलेल्या माझ्या ब्रिजखालून एक तीळ निघाला. आदल्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला खाल्लेल्या लाडवातला, अख्खा. रात्रभर तो तिथे मुक्कामाला होता आणि मला पत्ता नव्हता. ब्रिज बसवायच्या विचारात असाल तर किंमत, रंग, वॉरंटी हे सगळं दवाखान्यात सांगतीलच. या तिळाबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी मागचं थोडं. मी इंदूरची, रामबागेत माहेर, आता सुदामा नगरात. वय 53, शाळेत नोकरी. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ 2020 मध्ये काढावी लागली. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. माझीही अशीच लहानपणापासून किडलेली होती. ज्यांनी काढली ते म्हणाले, “मागची आहे, दिसत नाही, राहू द्या तशीच.” मला तेच ऐकायचं होतं, मी राहू दिली. आज त्या डॉक्टरांवर रागावते तेवढीच स्वतःवरही रागावते.

कारण चार वर्षांत त्या खिंडारात काय झालं ते एक्स-रेवर पाहिलं. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली होती, एसटीत शेजारचा पेंगुळलेला प्रवासी कलतो तशी. वरची दाढ खाली चावायला कुणी नाही म्हणून थोडी खाली उतरली होती. आणि मी सगळं उजवीकडून चावत होते, तेही नकळत. उजवा जबडा रात्री दुखायचा, त्याचं खापर मी उशीवर फोडत होते.

गेल्या जुलैत त्या कललेल्या दाढेत ठणका सुरू झाला. तिच्यात पंधरा वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती, तिच्या कडेने आत कीड शिरलेली. नवीन डॉक्टरीणबाई पलासियाच्या बाजूला बसतात, मराठीच आहेत, मला ‘काकू’ म्हणतात. त्यांनी आरसा हातात देऊन दोन रस्ते सांगितले. या दाढेचं रूट कॅनल करून तिला कॅप घालावी लागणारच, ते काही टळत नाही. मग रिकाम्या जागेत एक तर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. हाडाने तो धरायला तीन-चार महिने जातात. नाही तर मागच्या दाढेला आणि पुढच्या छोट्या दाढेला, दोघींना कॅप आणि मध्ये त्यांच्याच आधाराने लटकता दात, तिन्ही एका तुकड्यात. हा ब्रिज.

मी ब्रिज निवडला. मागच्या दाढेला कॅप लागणारच होती, त्यामुळे माझा एक खांब आयताच तयार होता. दुसरा खांब मात्र पुढची छोटी दाढ. ती बिचारी निरोगी होती, तिला कधी साधं फिलिंगही नव्हतं. कॅपला जागा मिळावी म्हणून तिची चारी बाजूंनी आणि वरून दीड-दोन मिलिमीटर चांगली पांढरी कवची घासून काढली. ती परत येत नाही. खुर्चीवर तोंड आ वासून पडले होते, पाण्याचा फवारा आणि मशीनचा आवाज चालू होता, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा सौदा जरा महागात पडतोय. पैशात नाही, त्या दाढेत.

पैशाचंही सांगते. दवाखान्यात ब्रिजचा हिशेब युनिटवर होतो हे मला ठाऊक नव्हतं. एकच दात नाहीये, तीन युनिट कसे, असं काउंटरवर विचारलं. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, “आंटी, दो खंभे और बीच का पुल, तीनों का लगता है.” उत्तर बरोबर होतं, काय बोलणार! झिर्कोनियाचे, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या टणक सिरॅमिकचे, युनिटमागे 9,000, म्हणजे 27,000. रूट कॅनलचे आणि आतल्या बांधकामाचे मिळून 6,000. एकूण 33,000. आमच्या मेडिक्लेममध्ये यातला रुपयाही बसला नाही. धातूवर पोर्सिलेन चढवलेला ब्रिज जवळपास निम्म्यात होत होता. तो मी नाकारला, कारण माझ्या नणंदेच्या पुढच्या दाताला तसली कॅप आहे आणि हिरडी थोडी वर सरकल्यावर तिच्या काठाशी काळपट रेघ दिसायला लागली. पण खरं सांगायचं तर मागच्या दाढेत रेघ बघायला कोण येणार? आज परत निवडायचं झालं तर या मुद्द्यावर मी इतकी हटून बसणार नाही.

झिर्कोनियासोबत एक चकचकीत वॉरंटी कार्ड मिळालं. सोन्याच्या पावतीसारखं मी ते कपाटात ठेवलं. नंतर चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं, वॉरंटी कॅपच्या मटेरियलची आहे. कॅप फुटली तर नवीन. आतली दाढ किडली तर कार्डाचा काही उपयोग नाही. आणि ब्रिज बहुतेक वेळा निकामी होतो तो आतल्या दाढेमुळेच, झिर्कोनिया सहसा फुटत नाही.

बसवण्याच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं. रूट कॅनलच्या तीन बैठका, मग घासणं, हिरडीत बारीक दोरा सरकवून काठ मोकळा करणं, मग माप. माप रबरासारख्या लगद्याचं घेतलं, चार-पाच मिनिटं ट्रे तोंडात धरून नाकाने श्वास घ्यायचा. ज्यांना चटकन उमळतं त्यांनी कॅमेऱ्याने स्कॅन होतं का ते आधी विचारावं. रंग मात्र डॉक्टरीणबाईंनी खिडकीपाशी उभं करून दिवसाच्या उजेडात जुळवला, ट्यूबलाइटखाली नाही, हे मला फार आवडलं. ए-थ्री निघाला, म्हणजे रंगपट्टीवरचा किंचित पिवळसर. सासूबाई म्हणाल्या, “पांढराशुभ्र का नाही घेतलास, पैसे तेवढेच ना?” त्यांची पूर्ण कवळी आहे, ती पांढरीशुभ्र आहे आणि ती कवळी आहे हे गल्लीच्या टोकावरून कळतं.

लॅबमधून ब्रिज येईपर्यंत आठ दिवस प्लॅस्टिकचा तात्पुरता ब्रिज होता. श्रावणी सोमवारच्या उपासाला राजगिऱ्याची चिक्की खाल्ली आणि तो चिक्कीला चिकटून बाहेर आला. ओटीत घालून नेला, त्यांनी पुन्हा चिकटवला, वर रागावल्या. त्यानंतर पक्का ब्रिज येईपर्यंत मी भुट्ट्याचा कीस, खिचडी आणि दुधात बुडवलेली पोळी यांवर दिवस काढले. इंदुरात पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस खायला कारण लागत नाही, पण मला ते डॉक्टरी सल्ल्यानेच मिळालं.

पक्का ब्रिज गणपतीच्या दोन दिवस आधी बसला. आणि इथे एक चूक माझी. निळा कागद दाताखाली धरून “चावा, आता घासा” असं त्या दोन-तीनदा करत होत्या. जबडा सुन्न होता, मला काही कळत नव्हतं, तरी मी “ठीक आहे, ठीक आहे” म्हणत राहिले, कारण घरी मखर अर्धवट होतं. घरी गेल्यावर सुन्नपणा उतरला आणि डावीकडे खडा चावल्यासारखं वाटू लागलं. केसाएवढा उंच राहिला होता. सवय होईल म्हणून मी पाच दिवस तसेच काढले. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर वरची दाढ, म्हणजे काहीच न केलेली दाढ, ठणकत होती. गेले, त्यांनी दोन मिनिटांत उंच जागा घासली आणि नंतर बराच वेळ रबरी चाकाने ती चकचकीत केली. मी विचारलं, आता ही पॉलिश कशाला? म्हणाल्या, झिर्कोनिया गुळगुळीत असेल तर समोरच्या दाताला त्रास देत नाही, खरखरीत राहिला तर कानस होतो आणि वरची दाढ झिजवतो. त्याच संध्याकाळी ठणका गेला. तुमचा ब्रिज उंच वाटत असेल तर “सवय होईल” म्हणून बसू नका, दुसऱ्या दिवशी जा. आणि सुन्न असताना भिडेखातर ठीक आहे म्हणू नका.

आता रोजचं. पहिले पंधरा दिवस तोंडात दुसऱ्याची वस्तू असल्यासारखं वाटतं, जीभ सारखी तिथे जाते. गाल दोनदा चावला गेला, चार वर्षं त्या रिकाम्या जागेत गालाने हातपाय पसरलेले. पुढच्या छोट्या दाढेला, म्हणजे त्या निरोगी खांबाला, गार पाण्याची झिणझिण साधारण दीड महिना होती. ती जिवंत दाढ आहे, रूट कॅनल केलेलं नाही, तिची तक्रार मला रास्त वाटली. कुल्फीचा घास उजवीकडे, असा नियम केला. दसऱ्यानंतर कधी तरी लक्षात आलं की नियम मोडला आहे आणि काही झालं नाही.

दिवाळीला चकली, चिवडा, दोन्ही निर्वेध. खरी परीक्षा गराडूची. बाहेरच्यांसाठी सांगते, हा थंडीतला कंद, तळून बाहेरून कडक केलेला, वर जीरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, आणि लिंबू. डिसेंबरात एका रात्री सराफ्यात गेलो, सोन्याची दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागल्या होत्या. पहिला तुकडा मी भीतभीत डावीकडे घेतला. कडकड असा आवाज डाव्या कानात आला आणि मला भलताच आनंद झाला. चार वर्षांनी डावा कान जेवणात सामील झाला होता. हे म्हणाले, “एवढं काय, गराडूच तर आहे.” असो.

उजव्या जबड्याचं रात्रीचं दुखणं जानेवारीपर्यंत पूर्ण थांबलं. उशी निर्दोष सुटली.

त्रास एकच, पण रोजचा. मधला लटकता दात हिरडीला नुसता टेकलेला असतो, रोवलेला नसतो. तीनही दात एकमेकांना जोडलेले, त्यामुळे दातांच्या फटी साफ करायचा साधा धागा वरून खाली उतरतच नाही. अन्न मात्र खालून आरामात शिरतं. त्यात आपलं इंदुरी खाणं! पोह्यावरची बारीक शेव, जीरावनातला भरड मसाला, बडीशेप, आणि तो तीळ. 2017 पासून सलग सात वर्षं देशाच्या स्वच्छतेच्या यादीत आपलं शहर पहिलं आलं आणि माझ्या दाढेखाली रोजचा कचरा. ब्रिजच्या खांबांना कीड लागते ती कॅपच्या काठाशी, हिरडीजवळ, तिथे अन्न कुजत राहिलं की. आणि कॅपखालची कीड आरशात दिसत नाही. माझ्या मागच्या दाढेचं तर रूट कॅनल झालेलं, ती दुखून सांगणारही नाही.

पहिले चार महिने मी नुसत्या ब्रशवर भागवलं. तीळ सापडल्यावर डॉक्टरीणबाईंकडे गेले तर हिरडी त्या जागी लाल, बोट लावलं की रक्त. त्यांनी सुपरफ्लॉस दिला. त्याचं एक टोक सुईसारखं ताठ, मधला भाग फुगीर, स्पंजासारखा. ताठ टोक बाहेरच्या बाजूने लटकत्या दाताखालून ओवायचं, जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचं आणि फुगीर भाग दोन्ही खांबांच्या कडेने पुढेमागे फिरवायचा. पहिल्या रात्री मला वीस मिनिटं लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. आता दीड मिनिट. ज्यांनी बाळाचे कुंचीचे बंद बांधलेत किंवा मण्यांची माळ ओवलीय त्यांना जमेल. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नाव ऐकून मला साधा धागा दिला होता, शेवटी ऑनलाइन मागवला. मागच्या दाढेच्या मागे छोटा बाटलीब्रश वापरते. पाण्याच्या धारेचं मशीनही मुलाने पुण्याहून पाठवलं. छान आहे, जेवणानंतर मोठे कण उडवतं, पण चिकट थर त्याने निघत नाही. माझा अनुभव असा की मशीन वापरलेल्या दिवशी धागा टाळण्याचा मोह होतो, म्हणून ते आता मी फक्त दुपारी वापरते.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. दोन्ही खांबांच्या कडा घट्ट, हिरडी गुलाबी. दहा-पंधरा वर्षं जाऊ शकतात, म्हणाल्या, धागा चालू असेल तर. न वापरलेल्या हाडाची थोडी झीज लटकत्या दाताखाली होत राहते, ब्रिज ती थांबवत नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. खाली आणखी फट पडली तर आणखी शेव अडकणार, एवढं मी समजून आहे.

आता घरात नवीन प्रकरण आहे. यांची उजवीकडची खालची दाढ मे महिन्यात काढली. जखम भरल्यावर यांनी जाहीर केलं, “मी पण ब्रिजच करतो, तुझा बघ कसा मस्त चाललाय.” मुख्य कारण हे की हाडात स्क्रू म्हटलं की यांना घाम फुटतो. मी यांना बेसिनपुढे उभं केलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दाढा दाखवल्या. दोन्हींना कधी फिलिंग नाही, कधी ठणका नाही, सुपारी फोडतील अशा. “या दोन घासायच्या? कशासाठी?” हे बराच वेळ तोंड उघडून तसेच उभे राहिले. मग चूळ भरली आणि म्हणाले, “त्या स्क्रूला किती इंजेक्शनं देतात ते विचार जरा.”

गुरुवारी सहा वाजताची वेळ घेतली आहे.